आईच्या बोटांचा लसूण

गेल्या एप्रिलमध्ये आई माझ्याकडे इकडे परदेशात, ल्यूकनला आली होती ना, तेव्हाची गोष्ट. मागच्या कुंपणाखाली घंटीसारखी पांढरी फुलं खच्चून आलेली. मी आपली त्यांना नुसतं 'ती फुलं' म्हणायचे. आईने एक पात चुरगळली आणि ओरडलीच, "अगं, लसूण आहे हा! आणि तू दुकानातून आणतेस!"

झालं! बघता बघता टोपलीभर पात किचनमध्ये, बेसन बाहेर, झुणका ठरला.

मी इकडे फोनवर झाडं ओळखायच्या ॲपमध्ये फोटो टाकला. उत्तर आलं: हा बाहेरून आलेला रानलसूण, जमिनीत बारीक कांदे करून पसरतो, इथे लावायला बंदी, खायला मात्र चालतो. पण! ब्लूबेल नावाच्या निळ्या फुलाची पात थेट अशीच दिसते आणि ती विषारी. ओळखायचं कसं, तर वासावरून. आणि आमच्याकडे ब्लूबेल होती, लसणाला अगदी खेटून!

"आई, थांब! एकेक पात चुरगळून दे, मी वास घेते."

पहिली, लसूण. दुसरी, लसूण. मग मुद्दाम निळ्या फुलाची पात आणून दिली. तीपण लसूण!! मी आईची बोटंच हुंगून पाहिली.

मग ट्यूब पेटली. आई सकाळपासून चटणीसाठी लसूण सोलत होती.

मला लहानपणापासून भरवणारा, माझी वेणी घालणारा हात याच वासाचा. मला तो लसणाचा वास वाटतच नाही, आईचाच वाटतो. मग तो बाजूला काढून पातीचा वास घ्यायचा कसा?

फोनवर आणखी एक खूण होती, फुलाच्या दांड्याची: लसणाचा तीन कडांचा असतो. आईने डोळे मिटून दांडा बोटांत फिरवला. "हा फिरत नाही गं, अडतो. तिधारी आहे." निळ्या फुलाचा मात्र गोल, गरकन फिरला. मग तिधारी दांड्याला चिकटलेली पात तेवढी ठेवली, सुटी सगळी कचऱ्याच्या बिनमध्ये.

"एवढी पात वाया!"

"असू दे, आई. ग्रँड आहे." इथे 'ठीक आहे'ला ग्रँडच म्हणतात.

"ग्रँड म्हणे!"

झुणका झाला. मी ताट पुढे ओढलं, तर आईने माझा हात धरला आणि कढईतूनच पहिला घास घेतला.

"अजून शंका आहे तुला, आई?"

"छे गं. मीठ बघतेय."

मीठ बघायला एवढा मोठा घास घेतं का कुणी?