बर्फातले बोंबील

मच्छीमार नगरात आज सकाळी ओला माल दोऱ्यांवर चढत होता. उभ्या बांबूंवर आडव्या दोऱ्या ताणलेल्या, त्याला वलांडी म्हणतात. दोन बायका पाटीतून बोंबील उचलत होत्या. एक डाव्या हातात, एक उजव्या हातात. दोघांची तोंडं उघडायची, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची. गाठ नाही, सुतळी नाही. बोंबलाचे दात बारीक आणि आत वळलेले. एकदा धरलं की सुटत नाही. पलीकडे कफ परेडच्या काचेच्या इमारतींवर ऊन चढत होतं, वाऱ्याबरोबर तो खारट, ओलसर, अजून न वाळलेल्या मासळीचा वास येत होता. मी लालबागच्या माझ्या दुकानासाठी माल बघायला गेलो होतो. दोरीखाली उभा राहिलो, आणि नाकात बोंबील असताना डोळ्यांसमोर बर्फ आला.

बर्फ मी पाहिलेला नाही. मासळीच्या खोक्यात फावड्याने टाकतात तो सोडला तर माझ्या पिढ्यांत कुणी पाहिला नसेल. पण दोन हिवाळ्यांपूर्वी मी एक आख्खा आठवडा बर्फात चाललो आहे. करी रोडच्या तेविसाव्या मजल्यावर, दुपारी दुकान बंद असतं त्या वेळात, टीव्हीसमोर, हातात खेळाचं ते दोन मुठींचं यंत्र घेऊन.

तो खेळ माझ्या धाकट्या बहिणीच्या हातचा होता. म्हणजे तिच्यासारख्या शेकडो जणांच्या. कॅनडात तिच्या कंपनीचं मोठं कार्यालय आहे, आणि तिथे तिचं काम जमीन घडवण्याचं. डोंगर, झाडं, पायवाटा, दगडावरचं शेवाळ. खेळणारा माणूस ढाल-तलवार घेऊन त्या मुलखात मोकळा फिरतो, वाटेल त्या दिशेने. राक्षस मारायचे की नुसतं भटकायचं, ज्याची त्याची मर्जी.

आमचं बोलणं सहा वर्षं बंद होतं. कारण विचाराल तर मी सगळ्यांना सांगतो तेच सांगतो. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका चकचकीत कार्यालयात तिला पहिली नोकरी लागली. एके दिवशी ती डबा विसरली, तो घेऊन मी गेलो. तिचे साहेब आणि दोन-चार परदेशी पाहुणे तिथेच उभे होते. साहेबांनी विचारलं, हे कोण? माझी बहीण, जिला मी अंगाखांद्यावर वाढवली, ती म्हणाली, "घराजवळचे आहेत. ओळखीचे."

ओळखीचे. आमचे वडील गिरणी बंद पडल्यावर खाटेवर पडले ते उठले नाहीत. पंधराव्या वर्षी मी डोक्यावर पाटी घेऊन मच्छीमार नगर ते लालबाग सुरू केलं. आज दुकान माझं आहे, गाळा माझा आहे, आणि बाजारात माझ्याशी घासाघीस करायची असेल तर माणूस आधी चहा पिऊन येतो. त्या सगळ्यात ती माझ्याबरोबर होती. आणि मी ओळखीचा. चार महिन्यांनी ती देश सोडून गेली. मी विमानतळावर गेलो नाही.

दोन वर्षांपूर्वी, एका सोमवारी, तिचा निरोप फोनवर आला. "आठ दिवस आले आहे. दादरला मैत्रिणीकडे उतरले आहे. रविवारी निघते. तू म्हणशील तिथे येते."

मी उत्तर दिलं नाही. आमच्या धंद्यात एक नियम आहे, आणि मी त्यावरच उभा राहिलो आहे: सौद्यात जो आधी बोलतो तो खाली येतो. समोरच्याला बोलू द्या. तिने नुसतं कुठे येऊ एवढंच विचारलं होतं. ती विचारणा झाली, बोली नव्हे. तिच्या निरोपात चुकलं हा शब्द नव्हता. मी फोन उलटा ठेवला.

बायको माझ्याशी भांडत नाही, ती फक्त आपलं काम माझ्यासमोर आणून बसते. लसूण सोलता सोलता म्हणाली, "तिच्याशी बोलू नका. पण तिनं केलेलं काम तरी बघा. तिनं पाठवलेलं यंत्र दिवाळीपासून घरात पडलंय." नणंद-भावजयीचं बोलणं सहा वर्षांत एकदाही तुटलं नव्हतं, हे मला माहीत होतं आणि मी माहीत नसल्यासारखं वागत होतो.

मी खेळायला बसलो तो खोट काढायला. माल परत करायचा असेल तर आधी तो नीट पाहावा लागतो.

पहिल्या दुपारी वाटलं, यात बघण्यासारखं काय आहे? पांढरं ते पांढरं. पण लालबागला नवखं गिऱ्हाईक येतं, नाकाला रुमाल लावतं आणि म्हणतं, सुकी मासळी द्या. त्याला सगळ्याचा एकच वास. आणि मला डोळे मिटून कळतं, हा जवळा, ही करदी, हे सोडे. बोंबलातसुद्धा वाऱ्यावर वाळलेला वेगळा आणि कडक उन्हात घाईने वाळवलेला वेगळा. तसंच त्या मुलखाचं झालं. मंगळवारी मला बर्फ दिसत होता, बुधवारपर्यंत बर्फांचे प्रकार दिसू लागले.

दक्षिणेला तर बर्फ नव्हताच. पांढऱ्या सालीची उंच झाडं, पानं हळदीच्या रंगाची, वारा आला की गळायची आणि वाटेवर साचायची. तिथून पूर्वेला उतरलं की जमीन गंजलेल्या पत्र्यासारखी तांबूस, ठिकठिकाणी उकळत्या पाण्याची डबकी आणि वर वाफ. त्या वाफेत पन्नास पावलांपलीकडचं दिसेना. मग एक अफाट माळ, वाळक्या गवताचा. त्यात बर्फ कसा, तर कुणी पीठ चाळताना जमिनीवर सांडावं इतकाच. माळ संपला की सूचिपर्णी झाडांचं काळं जंगल, जिथे फांदीवरचा बर्फ मध्येच धप्पकन खाली पडायचा आणि मी, हातात यंत्र धरून, सोफ्यावर दचकायचो. कुठे मऊ भुसभुशीत बर्फ, त्यात माझ्या माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतायचा. कुठे कडक, निळसर, त्यावरून घसरायला व्हायचं. नदी गोठलेली, आणि आत खोल गेलेल्या भेगा. हे घडवणाऱ्याने नुसती चित्रं पाहिलेली नाहीत, पायांचा विचार केला आहे, हे मला कबूल करावं लागलं. मनातल्या मनात. मोठ्याने मी म्हणालो, "झाडं जरा जास्तच सारखी आहेत."

त्या मुलखात गावंही होती, दुकानंही. एका दुकानदाराला लांडग्याची कातडी विकायला गेलो. त्याने भाव सांगितला. मी उठून बाहेर पडलो, चार पावलं सावकाश चाललो. मागून हाक आली नाही. पुन्हा आत गेलो, पुन्हा तोच भाव, तोच आवाज. चार वेळा केलं. असा दुकानदार लालबागला आठवडा टिकणार नाही.

पण माझं खरं काम वेगळंच होऊन बसलं होतं. या एवढ्या मुलखात तिने केलेला तुकडा कुठला? तिने भावजयीला इतकंच सांगितलं होतं, की एक जागा पूर्ण माझी आहे, दादाने पाहिली तर त्याला कळेल. मला कळेल. ही पैज होती की टोमणा, ते मी ठरवू शकलो नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. जिथे नवी जमीन सुरू व्हायची तिथे मी थांबून दगड न् दगड पाहायचो. कुठल्या तरी झाडाखाली आमची करी रोडची जुनी चाळ असेल, एखाद्या मंदिरावर वडिलांचं नाव असेल, असं काहीबाही. काही नाही.

शुक्रवारी दुपारी मी उत्तरेच्या खिंडीत अडकलो. तिथे वारा एवढा, की पडद्यावर नुसती पांढरी रेघारेघ. माणसाच्या अंगातली ऊब दाखवणारी एक पट्टी असते, ती झरझर उतरायची आणि तो मध्येच कोसळायचा. तीनदा मेला. मी यंत्र गादीवर आपटलं.

"तुमका नाय, त्येका लागता थंडी," बायको म्हणाली. रागावली की ती मालवणीवर येते. "परवा तिचा विमान आसा. आणि तुमचो माणूस अजून डोंगरातच."

"मग तिनं आधी बोलायचं होतं."

"ती बोलली ना. तू म्हणशील तिथे येते म्हणाली."

"ते बोलणं नव्हे."

"मग काय ता? तुमच्या बाजारात बोलण्याचा वजन करतत काय?"

शनिवारी मी दुकान उघडलंच नाही. सकाळपासून बसलो. लाकडं गोळा करून जागोजागी शेकोटी पेटवत, एकेक कडा चढत, दुपारी एकच्या सुमारास खिंड ओलांडली.

पलीकडे समुद्र होता. काळ्या वाळूचा किनारा, त्यावर फुटलेल्या बर्फाचे तुकडे वर-खाली होत होते. आवाज अगदी वेगळा, ओल्या कौलांवर कौल घासावं तसा. किनाऱ्यावर कोळ्यांची आठ-दहा घरं. मासे वाळत घातलेले. वाटेतल्या दोन गावांत मी मासे पाहिले होते. तिकडच्या रीतीप्रमाणे शेपट्या सुतळीने बांधून उलटे टांगलेले. इथे मात्र उभे बांबू होते. बर्फाच्या देशात बांबू. आडवी दोरी होती. मी माणसाला जवळ नेलं, अगदी माशाला नाक लागेल इतकं जवळ.

जबड्यात जबडा.

पहिला विचार आला तो मला शोभणाराच होता. सापडली खोट. एवढा मोठा, जाडजूड मासा जबड्यावर लटकत नाही. तो दोरीवरून पहिल्या वाऱ्याला खाली येईल. ही रीत फक्त बोंबलाची, कारण त्याला अंगात हाड नसल्यासारखं असतं आणि दात तसे असतात. जगातला कुठलाही कोळी हसेल. ही चूक करणारं माणूस एकाच दोरीखाली वाढलेलं असणार.

ती आठ वर्षांची होती, मी अठरा. सुट्टीच्या दिवशी तिला मच्छीमार नगरात घेऊन जायचो, कारण एका माणसाच्या हाताने दोऱ्या भरत नसत. "दादा, चावतो रे हा," म्हणायची. मेलेला मासा चावत नाही, मी ओरडायचो. तिची बोटं दातांनी सोलवटून निघायची. शाळेत वही रक्ताने लाल व्हायची. ज्यांची दोरी आम्ही भाड्याने घ्यायचो त्या म्हाताऱ्या कोळीणबाई मला म्हणायच्या, "पोरीचा हात बघ रं मेल्या." मी बघितला नाही. मला वेळ नव्हता.

आणि आता कुणाला न सांगितलेलं सांगून टाकतो. त्या कार्यालयात तिने ओळखीचे म्हटल्यावर मी गुपचूप निघून आलो नव्हतो. मी डबा काचेच्या टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि उघडाच ठेवला. बोंबलाचं कालवण होतं. त्या थंडगार बंद खोलीत तो वास पसरेपर्यंत मी तिच्याकडे बघत उभा राहिलो. पाहुण्यांनी तोंडं फिरवली. मग निघालो. सहा वर्षं माझी हकिकत "ओळखीचे" या शब्दावर संपत होती, आणि ऐकणारे हळहळत होते. झाकणाचं कुणाला ठाऊकच नव्हतं.

हा खेळ त्याच्या तीन वर्षं आधी बाजारात आला होता. म्हणजे तीन वर्षं ती जोडी दोरीवर लटकत होती. जगभरातले लोक तिच्यासमोरून गेले असतील, कुणाला काही कळलं नसेल, कळायचं मला एकट्यालाच होतं. सौद्याच्या नियमाने पाहिलं तर ती केव्हाच आधी बोलली होती. मीच हाकेला ओ दिली नव्हती.

शनिवारी संध्याकाळी फोन केला नाही, तेवढा मी मऊ नाही. निरोप पाठवला: "उद्या सकाळी आठ. मच्छीमार नगर." ती दहा मिनिटं आधीच आली होती. केस कापलेले, चष्मा आलेला. दोघं दोऱ्यांखाली उभे राहिलो. आधी मीच बोललो.

"एवढा मोठा मासा जबड्यावर लटकत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तिकडच्या साहेबांनी पण सांगितलं. तीनदा परत पाठवलं मला. शेपटीला बांध म्हणाले."

"मग?"

"मग काय. तीनदा तसाच ठेवला. चौथ्यांदा तेच दमले." आणि मग हसू दाबत, "घासाघीस कुणाकडून शिकले, दादा?"

मी तिच्या बोटांकडे पाहिलं. तिने हात खिशात घातले. ओळखीचे हा शब्द तिने काढला नाही, झाकणाचं मी काढलं नाही. पाटीतले चार बोंबील उरले होते, ते तिने उचलले आणि न बघता अडकवले. दोन तासांनी ती विमानतळाकडे गेली. या वेळी मी बरोबर होतो.

आता महिन्यातून एकदा तिचा फोन येतो. खेळही मी अधूनमधून लावतो, खिंड ओलांडून त्या काळ्या किनाऱ्यावर जातो. तिथलं सगळं जसंच्या तसं असतं. बर्फ वितळत नाही, समुद्र हटत नाही, मासा वाळत नाही, आणि तो खाली उतरवायला कुणी येत नाही. इथलं तसं नाही. या किनाऱ्यावर आणखी किती वर्षं दोऱ्या ताणल्या जातील, कोळीणबाईंच्या नातवंडांनाही सांगता येत नाही. पण आज जो माल चढला तो तीन-चार दिवसांत कडकडीत होईल, उतरेल, माझ्या दुकानात येईल.

राग मी अजून उतरवलेला नाही, खोटं कशाला बोलू. दोरीवर आहे. पण वाळलाय आता. वास येतो, ओल राहिलेली नाही.