मेलेला कमांडर बोलत नाही

फौजेतून परतलेल्या माणसाने लिहायला बसावं, हे धाडसच आहे. त्याची आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. सरांनी कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी "जे केलंत ते लिहा" म्हटलं, म्हणून लिहितो.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी लान्स नायक होतो. देवळालीला नायकाचा केडर, म्हणजे बढतीआधीचं प्रशिक्षण लागलं. पास झालो तर दुसरी फीत आणि हाताखाली सेक्शन, म्हणजे दहा जणांची तुकडी. नापास झालो तर तसंच परत. वडिलांनी गावात आधीच सांगून टाकलं होतं, पोरगा नायक झाला.

सकाळी पीटी. मग मातीत टेकड्या-नाले रचून हल्ल्याची योजना. दुपारी तीच योजना खऱ्या टेकडीवर. शिकवायला हवालदार पगारे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. हल्ला ऐन भरात आला की ते सेक्शन कमांडरच्या खांद्यावर काठी टेकवायचे. "तू मर गया. लेट जा." पुढचं दुसऱ्याने सांभाळायचं.

परीक्षेला कमांडर होता नामपूरचा भामरे. त्याच्यानंतर मी. अर्ध्या चढावर काठी भामरेवर टेकली. तो खुशीत आडवा झाला. वरून ब्लँक, म्हणजे बिनगोळीचा, फायर चालू होता. मी सरपटत त्याच्याजवळ गेलो.

"भामरे, डावीकडूनच जायचं ना?"

"मी मरेल शे रे! माले काय इचारस?"

सगळे हसले. उस्ताद हसले नाहीत.

"मुर्द्याला विचारतोस? पोरं तुझ्या तोंडाकडे बघतायत."

रेडिओ खरखरला. टू वन हे आमच्या सेक्शनचं नाव. "टू वन, सिच्युएशन सांगा, ओव्हर."

डावीकडे सगळं उघडं होतं. उजवीकडे एक नाला दिसला.

"टू वन. कमांडर कॅज्युअल्टी. कमांड माझ्याकडे. उजव्या नाल्याने जातोय, ओव्हर."

एलएमजीवाल्याला, म्हणजे हलक्या मशीनगनवाल्याला, तिथेच फायर करत ठेवलं, बाकीच्यांना माझ्यामागे घेऊन नाल्यात शिरलो. आम्ही माथ्यावर पोचलो.

"पास," उस्ताद म्हणाले. "पण पुढच्या वेळी विचारत बसू नकोस."

भामरेही पास झाला. लंगरमध्ये जेवताना तो मला "मुर्द्याचा वारस" म्हणून हाका मारत होता.

पुढे उस्ताद आणि भामरे एकाच पलटणीत सीमेवर गेले, मी दुसरीकडे. आता मी अंबडला कारखान्यात आहे, संध्याकाळी कॉलेज. बरं चाललंय. परवा देवळाली कॅम्पच्या बसस्टॉपवर सुट्टीवर आलेला भामरे भेटला. मी उस्तादांची चौकशी केली. त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

"तुला कळलं नाही? दोन वर्षं झाली, भाऊ. पेट्रोलिंगला होतो. पहिल्याच फायरला उस्ताद गेले. पुढचं मी सांभाळलं. बाकी आम्ही समदे परत आलो."