खेड्यातली बाई

शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांना मिशा चिकटवायला आज स्पिरिट गमची बाटली उघडली, आणि त्या उग्र वासासरशी मी धुळ्यातून थेट जळगावला, आमच्या नाट्यशास्त्र विभागाच्या तालमीच्या हॉलमध्ये जाऊन पोचले. बंद पंखे, धुळकट सतरंजी, आणि समोर खुर्चीत अभिनय शिकवणारे आमचे सर.

मी नाटकातल्या खेडवळ आईचं काम करत होते. मुलाची वाट पाहून ती म्हणते, सगळे आले, तूच आला नाहीस. मी ते माझ्या आईसारखं, अहिराणीत म्हटलं, "बठ्ठा उनात, तूच नही उना."

सरांनी हात वर केला. "खेड्यातली बाई अशी बोलत नाही."

मी शिरपूरजवळच्या खेड्यातली, अंगावर आईचंच लुगडं. सरांचा अख्खा जन्म शहरात गेलेला. खेडं त्यांनी पाहिलं ते सिनेमात. त्यांनी उठून करून दाखवलं, "समदी आली, तूच कसा न्हाई आलास रं?" असं बोलणारं माणूस तापीच्या दोन्ही काठांना कुणी ऐकलेलं नाही. तेव्हा मला माझीच लाज वाटली होती. आता त्या माणसाची कीवही करावीशी वाटत नाही.

कालच त्यांचा फोन आला होता. 'मातीची भाषा' या विषयावर ते शिबिर घेतायत, तिथे मी अहिराणी शिकवावी अशी त्यांची इच्छा. मी त्यांच्याच सुरात म्हटलं, "न्हाई जमायचं बगा, सर."

सर गहिवरले. म्हणाले, "हेच. हेच ते अस्सल."