माझा पायाळू पाय

औशाजवळच्या आमच्या गावात कुणाचं काही दुखावलं की कुठं जायचं हे ठरलेलं असे. खरचटलं तर बांधावरची कंबरमोडी चुरगळून तिचा रस जखमेवर पिळायचा, आणि झोंबलं तरी ओरडायचं नाही. पाय मुरगळला तर आंबेहळद आणि तुरटीचा गरम लेप. हाड मोडलं तर गाडी जुंपून लातूरच्या वाटेवरच्या हाडवैद्याकडं. तो इकडच्या तिकडच्या गप्पा मारता मारता हाड बसवी आणि वर बांबूच्या कामट्या बांधून देई. आणि कंबरेत उसण भरली किंवा पाठीत चमक निघाली, तर आमच्या घरी. म्हणजे माझ्याकडं.

मी पायाळू. डोक्याऐवजी पायांकडून जन्मलेली. अशा माणसाचा पाय पाठीवरून फिरला की भरलेली उसण उतरते, असं सगळे मानत. पाच वर्षांची असल्यापासून मी हे काम करत होते आणि मला त्याचा भारी तोरा होता. दुखणेकरी ओसरीवर पालथा पडे. मी उजवा तळवा त्याच्या कंबरेवरून वरपर्यंत तीनदा फिरवायचा, शेवटी एक हलकी लाथ मारायची आणि लगेच त्याच माणसाच्या पाया पडायचं. वडीलधाऱ्यांना पाय लावल्याचं पाप तिथल्या तिथं फिटलं पाहिजे ना! ज्यांच्यावर माझा राग असे, त्यांना शेवटची लाथ जरा सढळ बसे. मी चिंचा पाडल्याची चुगली करणाऱ्या शेजारणीला मी अशी काही लगावली की ती ताडकन उठून बसली आणि म्हणाली, "पोरीच्या पायाला लई गुण हाय गं!"

एकदा तर खुद्द तालुक्याचे अमीनसाहेब आले. निजामाच्या पोलिसांतला अंमलदार म्हटला की लोक दारं लावून घेत. पण घोड्यावर चढताना साहेबांच्या कंबरेत उसण भरली होती. टोपी बाजूला ठेवून ते आमच्या घोंगडीवर पालथे झाले आणि सगळा गाव ते बघायला लोटला. मी पाय ठेवताच साहेब कळवळले, "आहिस्ता, बेटी, आहिस्ता!" मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी तळवा तीनदा फिरवला आणि लाथ मारली. साहेब उठले, वाकले, सरळ झाले आणि म्हणाले, "कमाल है!"

त्या दिवसापासून आमच्या थोरल्या काकांची कचेरीतली कामं अडेनाशी झाली. घरात त्यांचा शब्द शेवटचा. तोवर मी कितवीत आहे हेही त्यांना ठाऊक नव्हतं. आता मात्र चारचौघांत "आमची पोरगी, आमची पोरगी" सुरू झालं.

गावातली चौथी मी पास झाले आणि नांदेडच्या मावशीचं पत्र आलं. इथं मुलींची शाळा आहे, पोरीला माझ्याकडं ठेवा. ते पत्र मी इतक्यांदा वाचलं की घड्यांवर फाटलं. मला जायचंच होतं. पण काका म्हणाले, "शिकून काय करायचंय? आणि इथं लोकांच्या उसणी कोण काढणार?" वडील मोठ्या भावापुढं कधी बोलत नसत, तेव्हाही बोलले नाहीत. गावकरीही गोळा झाले. एक म्हातारबा तर रडकुंडीला आले, "पोरीला नांदेडला धाडायलेत म्हनं. पेरणी तोंडावर हाय, आमी कुटं जावं?"

मला माझ्या पायाचा संताप आला. मी मुद्दाम कसाबसा पाय फिरवू लागले, लाथ भलतीकडंच मारू लागले. उपयोग झाला नाही. तरीही मेले बरेच होत होते.

शेवटी आई बोलली. दिरासमोर पदर ढळू न देणारी माझी आई, चार माणसं ओसरीवर बसलेली असताना दाराच्या चौकटीत येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ती पायाळू न्हाई."

काका बैठकीवरून उठले.

"डोक्याकडूनच झालीय. मी खोटं बोलले. तीन पोरींवर चौथी झाली, सगळ्यांची तोंडं उतरली होती. पायाळू हाय म्हणलं तर तेवढं तरी कौतुक होईल, असं वाटलं."

खरं-खोटं करायला सुईण तर केव्हाच वारली होती. मग म्हातारबांनी स्वतःची कंबर चाचपली आणि विचारलं, "मंग माजी कंबर कशी बरी झाली?"

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांच्या डोळ्यांपुढं अमीनसाहेब उभे असणार. भलत्याच पोरीनं साहेबांना लाथ घातली हे कचेरीत कळलं तर? पोरगी गावात दिसताच कामा नये, असं त्यांनीच ठरवलं. आठवड्याच्या आत त्यांनीच गाडी जुंपायला लावली. आईशी मात्र ते कितीतरी महिने बोलले नाहीत. मी लातूरपर्यंत गाडीत आणि पुढं मोटारीत आनंदानं उड्या मारत होते; आपण पायाळू नाही याचं मधूनच वाईट वाटे, पण तेवढ्यापुरतंच.

पुढच्या उन्हाळ्यात सुटीला घरी आले तर आई एका हातानं कंबर धरून वाकून चालत होती. लेप झाले, शेक झाले, काही उतार नाही, असं बहिणींनी सांगितलं. दुपारी सगळे शेतावर गेल्यावर आईनं दाराला कडी घातली आणि घोंगडीवर पालथी झाली.

"दे पाय लवकर. कुणी यायच्या आत."

मी उभीच. "पण तू तर म्हणाली होतीस..."

"पाय दे म्हणते ना!"

मी तळवा तीनदा फिरवला. लाथ मारवेना, तिनं "हं, मार की!" म्हणून दटावलं तेव्हा मारली. आई सावकाश उठून बसली, कंबर इकडं तिकडं वळवून बघितली आणि हसली. "गेली बघ. दिवाळीपासून भरलेली. तुझीच वाट बघत होते."

"अगं, मग मला बोलावलं का नाहीस?"

"बोलावलं असतं," ती पदर सारखा करत म्हणाली, "तर काकांनी परत नांदेडला धाडलं असतं का तुला?"

पाया पडायचं तेवढं राहिलं होतं. मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं, आणि मला लवकर उठवेना.