लुगड्यांच्या सावलीतली पिल्लं

जाईबाई माणसांशी बेतानं बोलायची. आवाज खाली ठेवून, समोरच्याचा अंदाज घेत. कोंबड्यांना मात्र ती खाष्ट सासूसारखी फैलावर घ्यायची. "ए भवाने, कुठं उंडारतीस? दिवस मावळला, दिसत न्हाई का?" असं ऐकू आलं, की बौद्धवाड्यातली माणसं ओळखायची, जाईबाईनं खुराडं लावायला घेतलं.

आष्टीच्या पलीकडचं ते गाव. सलग दुसऱ्या साली पाऊस हुकला होता आणि निम्मं गाव ऊसतोडीला गेलं होतं. जाईबाईचा नवरा बन्सी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाई. आदल्या साली उसाच्या गाडीवरून पडून जाईबाईचा गुडघा दुखावला होता. तिला आता ना कोयता झेपत होता, ना हातोडा. बसून खाणं तिला घासाघासाला टोचे. म्हणून गावातल्या बायकांनी कुक्कुटपालनाची सहकारी संस्था काढली आणि पिल्लं सांभाळायची कुणी, असा प्रश्न निघाला, तेव्हा तिनं पायरीवरूनच हात वर केला.

पायरीवरून, कारण बैठक सत्यभामाबाईंच्या ओसरीवर होती. सत्यभामाबाई म्हणजे गावातल्या पाटलांच्या मोठ्या शेतकरी घराण्याच्या थोरल्या सूनबाई आणि संस्थेच्या अध्यक्षा. बोलायला फटकळ, मनात काही न ठेवणाऱ्या. वरच्या आळीच्या बायका ओसरीत सतरंजीवर बसत. जाईबाई आणि तिची धाकटी जाऊ मनकर्णा पायरीवर. तिथं बसा असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. वर या असंही कुणी म्हटलं नव्हतं.

"गुडघ्याला जमंल का तुझ्या?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"कोंबड्यांमागं गुडघा न्हाई लागत, पाटलीणबाई. ध्यान लागतं."

बायका हसल्या आणि काम जाईबाईला मिळालं.

पिल्लं आली ती महिनाभराची, पांढरीशुभ्र. अंड्यावर येईपर्यंत ती सांभाळायची होती. जाईबाईनं अंगणाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. मुंगूस खालून शिरतं म्हणून बुडाशी दगड दाबून बसवले. एकदा रानमांजर येऊन गेलं, ते काट्याला केसांचा झुपका ठेवून गेलं. बन्सीनं तो झुपका सगळ्या वाड्याला दाखवला. जमिनीवरून येणाऱ्या चोरांचा बंदोबस्त असा चोख झाला. वरून येणाऱ्याचा विचार जाईबाईनं केलाच नव्हता.

करायचं कारणही कधी पडलं नव्हतं. अंगणात मोठा कडुलिंब होता. त्याच्या दाट सावलीत तिच्या कोंबड्यांच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. पण या उन्हाळ्यात मनकर्णाच्या शेळ्यांना कुठंच पाला उरला नाही, तेव्हा जाईबाईच म्हणाली, "घे छाटून. झाडाला काय, फुटंल पुन्हा." मनकर्णानं छाटलं ते शेंड्यापर्यंत. झाडाचा नुसता सांगाडा राहिला आणि अंगण आभाळाला उघडं पडलं.

घार आली ती भर दुपारी. जाईबाईच्या गावठी कोंबडीनं मान वाकडी करून वर पाहिलं, घशातून 'कुर्रर' केलं आणि काट्यांखाली पळाली. पांढरी पिल्लं ते ओरडणं ऐकून नवल वाटल्यासारखी जागीच उभी राहिली. घारीनं त्यातलं एक उचललं. दुसऱ्या दिवशी पुन्हा एक.

पिल्लं खुराड्यात कोंडावीत, तर खुराडं लहान. कोंडली तर चोची वासून धापा टाकायला लागली. बन्सी म्हणाला, "पांढरा रंग लांबून दिसतो. रंगव की त्यास्नी."

जाईबाईला ते पटलं. तिनं गेरू कालवला आणि एकेक पिल्लू धरून पाठ रंगवली. मातीत माती मिसळून गेल्यासारखी ती दिसू लागली. जाईबाई समाधानानं भाकरी खायला बसली, तोच अंगणात कालवा झाला. लाल रंग रक्ताचा समजून पिल्लं एकमेकांना टोचत सुटली होती. धुवून काढावं, तर टँकर परवा आला होता आणि पुन्हा कधी येईल ते त्याचं त्याला ठाऊक. शेवटी जाईबाईनं चुलीतली राख आणून सगळ्यांना फासली.

मनकर्णा कुंपणाशी उभी राहून पोट धरून हसली. "आक्का, ह्या कोंबड्या हायेत का गोसावी?"

"हस तू. झाड तुज्याच शेळ्यांनी खाल्लं."

मनकर्णा हसायची थांबली. जाईबाईलाही आपण बोललो ते जास्त झालं असं वाटलं. पण शब्द गेला तो गेला.

संध्याकाळी सत्यभामाबाईंचा निरोप आला: अशीच पिल्लं जात राहिली, तर बैठकीत ठरवून ती पाटलांच्या गोठ्यात हलवावी लागतील. गोठ्यावर पत्रे होते, गडीमाणूस होता. निरोपात काही वावगं नव्हतं, म्हणूनच जाईबाईला तो लागला. पिल्लं गेली की पुन्हा घरात बसून खाणं.

सकाळी तिनं भीमजयंतीला नेसायचं पांढरं लुगडं पेटीत राहू दिलं आणि रोजच्या दोनातलं एक काढलं. त्याचं एक टोक कडुलिंबाच्या खोडाला बांधलं, दुसरं कुंपणाच्या मेढीला. नऊवारीची लांबी, कोपरा चांगला झाकला गेला. ऊन चढलं तशी पिल्लं आपसूक त्याच्याखाली गोळा झाली. घार वर फिरली, खाली आली, कापड वाऱ्यानं फडफडलं तशी उलटी फिरली. पण सगळी पिल्लं त्या एका पट्ट्याखाली मावत नव्हती.

दुपारी मनकर्णा आली. तिनं आपलं जुनं लुगडं जाईबाईच्या पुढ्यात टाकलं.

"आता तू काय नेसशील?" जाईबाईनं विचारलं.

"शेळ्यांची काय लाज? त्या बघत न्हाईत." मनकर्णा म्हणाली, आणि दोघीही हसल्या. मग मनकर्णा वरच्या आळीलाही जाऊन आली. काय बोलली कोण जाणे, पण दुसऱ्या दिवशी सकाळी बायका काखोटीला जुनी लुगडी मारून आल्या. पुढं सत्यभामाबाई, हातात दाभण आणि सुतळी.

"एकेक बांधून भागणार न्हाई. फटीतून शिरंल ती," त्यांनी वर पाहत सांगितलं. "गोधडीसारखं जोडून घिऊ."

जोडायचं तर अंगणात बसावं लागणार. जाईबाईनं दोन पोती अंथरली. बायका क्षणभर उभ्या राहिल्या, सत्यभामाबाई बसल्या, मग सगळ्या बसल्या. काठाला काठ भिडवून टाके पडू लागले. घामानं निथळल्यावर सत्यभामाबाईंनी पाणी मागितलं. मनकर्णानं जाईबाईकडं पाहिलं. जाईबाईनं तांब्या भरून दिला. सत्यभामाबाई प्यायल्या आणि तांब्या शेजारणीच्या हातात दिला. शेजारणीनं तो हातात धरला, मग तीही प्यायली.

छत चढलं. हिरवं, अंजिरी, विटकरी, विटलेलं निळं. त्यानंतर वाटेनं जाणारी प्रत्येक बाई आधी आपलं लुगडं शोधायची. घार आठवडाभर येत राहिली, मग यायची थांबली.

महिन्याची बैठक त्याच छताखाली भरली; गावात तेवढी गार जागा दुसरी नव्हती. एका बाईनं गोठ्याचा विषय काढला. सत्यभामाबाई म्हणाल्या, "हलवायचं म्हणलं तर हे सगळं उसवावं लागंल. मी न्हाई उसवणार. तुला हौस आसंल तर बस दाभण घेऊन." विषय तिथंच संपला.

जाईबाई सवयीनं खुराड्याशी उभी होती.

"आन तू कावून उभी? तुज्याच अंगणात तुला मी बस म्हणू का?"

जाईबाई पोत्यावर येऊन टेकली. तेवढ्यात एक आगाऊ पिल्लू सत्यभामाबाईंच्या मांडीवर चढलं आणि पदराला चोच मारू लागलं. त्याच्या पाठीवर अजून गेरूचा पुसट डाग होता.

"ए भवाने," जाईबाई सगळ्यांदेखत, खुराडं लावतानाच्या आवाजात खेकसली, "उतर खाली. आध्यक्ष हायेत त्या."