त्या चिठ्ठीवर नावच नव्हतं

मंगळवारी सकाळी मस्कतच्या दार्सैत भागात आमच्या घरात जो गोंधळ झाला, त्याला सर्वस्वी मी जबाबदार आहे. तसं बायकोला कबूल केलंय, आता तुमच्यासमोर करतो.

आमची लेक रेचल जपानमध्ये शिकते. जन्मली-वाढली इथेच मस्कतमध्ये, इथे रेल्वेच नाही… त्यामुळे एकटीनं ट्रेननं जायला ती तिकडेच शिकली. त्या दिवशी तिची मास्टर्सची प्रवेश परीक्षा होती. तिकडे दुपारी एक, आमचे सकाळचे आठ. वीस मिनिटांहून जास्त उशीर झाला तर हॉलमध्ये घेत नाहीत, मग पुन्हा वर्षभर थांबा.

सातला तिचा व्हिडिओ कॉल. ती शहराबाहेरच्या छोट्याशा स्टेशनवर उभी. पुढे सिग्नल बिघडलेला, ट्रेन बंद. टॅक्सीसाठी बाहेर ही मोठी रांग. प्लॅटफॉर्मवर माणसं गुपचूप ओळीत उभी होती. कोणी भांडेना, ओरडेना… मला तर त्या शांततेचाच राग आला!

अर्ध्या तासानं तिनं एका कागदाचा फोटो पाठवला. तळहाताएवढी चिठ्ठी. ट्रेन लेट आहे असं रेल्वेनंच लिहून दिलेलं, गेटवरचा टोपीवाला माणूस सगळ्यांना वाटत होता. ही दाखवली तर परीक्षेला उशिरा घेतात म्हणे.

मी चष्मा लावून बघितलं. तारीख होती, मिनिटं होती… नाव नाही, सही नाही! आता मी एकोणीस वर्षं इथल्याच रुवी भागातल्या एका ऑफिसात कागदपत्रांचंच काम करतो. व्हिसा, करार, अटेस्टेशन. एक शिक्का कमी म्हणून परत आलेली माणसं रोज बघतो.

"आत्ताच्या आत्ता परत जा. नाव आणि पासपोर्ट नंबर लिहून घे," मी फर्मान सोडलं.

"डॅडी, सगळ्यांना सेमच देतात…" ती म्हणाली. पण माझा आवाज चढलेला, गेली बिचारी जिना चढून. ती गेटपाशी पोचते न पोचते तोच खाली ट्रेन लागली. फोनमध्ये तिची धावणारी पावलं ऐकू आली आणि कॉल कट.

नंतर फोन बंद. बायको म्हणाली, "घालवलीत ना पोरीची परीक्षा?" मी तसाच ऑफिसला गेलो. अर्बाबनं, म्हणजे आमच्या मालकानं, दोनदा हाक मारली म्हणे, मला एकदाही ऐकू आली नाही.

दहा वाजून गेल्यावर मेसेज आला. शेवटच्या दारातून कशीबशी चढली होती. अर्धा तास उशिरा पोचली. दारावरच्या बाईंनी चिठ्ठी वाचली, मान लववली, जागा दाखवली… वर अर्धा तास वाढवूनही दिला. पेपर पूर्ण झाला!

जीव भांड्यात पडला. पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसलो आणि चक्क रडलो.

"कोणी काहीच विचारलं नाही?" मी फोनवर विचारलं.

"काय विचारणार, डॅडी? ट्रेन लेट होती ना."

एवढंच. आयुष्यभर मी कागद पक्के करत आलो, पण वाचणाऱ्यानं सरळ विश्वास ठेवलेला कागद पहिल्यांदाच पाहिला. त्या टोपीवाल्याचे आणि त्या बाईंचे मनापासून आभार.

रिझल्ट यायचाय. मंगळवारपासून मी लेकीला एकही सूचना दिलेली नाही. काल तिनं हळूच आईला विचारलं, "डॅडींची तब्येत बरी आहे ना?"