लीव्ह नव्हे, लीवे

पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये मी क्वालिटी बघते. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा हंगाम ऐन भरात होता. दिरांनी बसल्या जागेवरून सांगून टाकलं, "वहिनी, तुमची नोकरी काय, सीझनची. तुम्हीच टाका रजा." नोकरी बारमाही होती, पण नवरा गप्प बसला आणि रजा मीच टाकली. सासूबाई काठी धरून चालायला लागेपर्यंत पुढचा हंगाम तोंडावर आला.

परतले तेव्हा क्वालिटी इन्चार्जची जागा रिकामी होत होती. मला ती हवी होती, तसं बोललेही. आमचे मॅनेजर पूर्वी मालवाहू जहाजावर होते. म्हणाले, "मॅडम, आधी लीवे मेक अप करा, मग बघू."

मी ऐकलं लीव्ह. रजा भरून काढायची, एवढंच ना! रविवारी जाऊ लागले. संक्रांतीला जावा-नणंदा हळदीकुंकवाला गेल्या, मी स्वेटर घालून कोल्ड स्टोरेजमध्ये पेट्या तपासत होते.

जागा मिळाली मीच शिकवलेल्या मुलीला. तिच्यावर राग नाही, ती कामाची आहे. मी मॅनेजरना गाठलं.

"सर, लीव्ह तर सगळी भरून दिली."

ते हसले. "लीव्ह नाही हो, लीवे!" मग टेबलावर स्टेपलर सरकवत समजावलं. जहाज नाकासमोर चाललेलं असतं, पण बाजूचा वारा त्याला वाटेवरून ढकलत नेतो. जितकं सरकलं तितकं लीवे. मधल्या काळात सॉर्टिंगचं नवं मशीन आलं, ते तुम्हाला येत नाही, हे तुमचं लीवे; ते भरून काढायचं होतं. रविवारी पेट्या उघडून काय उपयोग?

"हे तेव्हाच मराठीत सांगायचं होतं."

"तुम्ही विचारायचं होतं, मॅडम."

गेल्या महिन्यात सासूबाई पुन्हा पडल्या. मशीनचं ट्रेनिंग नेमकं त्याच आठवड्यात. दिरांना फोन केला, "भाऊजी, या वेळी रजा तुम्ही टाका."

"मी? अहो वहिनी, माझं प्रमोशनचं वर्ष आहे. मी मागे पडेन ना!"

मला हे ठाऊकच नसावं अशा सुरात ते समजावत होते. फोन ठेवला तर नवरा दारात उभा. "ऑफिसला कळवलंस?"

"कळवलं, येतेय म्हणून. आता तुम्ही तुमच्या ऑफिसला कळवा."

त्याने कळवलं. तेव्हापासून घरात माझ्याशी कोणी बोलत नाही. मशीन मला आता येतं. इन्चार्जची जागा भरलेली आहे.